ऊसतोडीवरचा रॅप भाषण का होतो? चार्टवरच्या रॅपकडून काय घ्यावं, काय सोडावं

सोळा_बार

ऊसतोड मजुरांवरचा एक रॅप लिहून झाला आहे. वेग ९० (मिनिटाला ९० मुख्य ठोके), बीट जुन्या बूम-बॅप पद्धतीची, म्हणजे ठसठशीत ड्रमची. सुरुवातीला ८ बार (चार मुख्य ठोक्यांचा एक बार) नुसता कोयत्याचा आणि घुंगरांचा आवाज, मग १६ बारचा व्हर्स (कडवं), मग ८ बारचा हुक (ध्रुपद), असं तीनदा. विषय पक्का आहे, माहिती तपासलेली आहे, तरी ऐकताना सभेतलं भाषण वाटतं. पहिल्या दोन ओळी:

*शोषणाची ही व्यवस्था आता बदलायलाच हवी*
*कष्टकऱ्यांच्या घामाची किंमत त्यांना कळायलाच हवी*

उलट चार्टवर (सर्वाधिक खपाच्या यादीत) वर असलेला कुठलाही रॅप घ्या. गाडी, घड्याळ, नोटा यापलीकडे आत काही नसतं आणि दुसऱ्यांदा ऐकताना तो तोंडपाठ होतो. हे निव्वळ कंपनीच्या पैशाचं बळ आहे की बांधणीतच काही आहे? बांधणीत असेल तर आशय पातळ न करता त्यातलं काय उचलता येईल? शिवाय भलरीच्या (शेतात काम करताना म्हणायच्या गाण्याच्या) जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा बीटमध्ये घ्यायचा आहे, तो घेता येतो का?

ढोलकी_९०

बांधणीतच आहे, आणि ते मोजून दाखवता येतं.

९०च्या वेगावर एक बार २.६७ सेकंदांचा. त्याची सोळा घरं केली की प्रत्येक घराला ०.१७ सेकंद मिळतात. आता ओळीतले ठोके मोजा. लिहिलेली अक्षरं मोजायची नाहीत, तोंडातून पडणारे ठोके मोजायचे. ‘उचल’ लिहिताना तीन अक्षरं आहेत, बोलताना ‘उ-चल’ दोनच. या हिशोबाने तुमच्या पहिल्या ओळीत १६ ठोके येतात, दुसरीतही तेवढेच. म्हणजे सोळाच्या सोळा घरं भरली. श्वास कुठे घेणार? त्यात ‘कष्टकऱ्यांच्या’सारखा जोडाक्षरांचा शब्द त्या वेगात जिभेवर बसत नाही, मग तो पेलायला आवाज चढतो. तुम्हाला भाषण ऐकू येतंय ते या चढलेल्या आवाजामुळे.

दुसरं, ‘बदलायलाच हवी – कळायलाच हवी’ हे प्रत्ययाचं यमक आहे. मराठीत ते फुकट मिळतं, क्रियापदांच्या शेपट्या सारख्याच असतात. फुकट मिळालेलं यमक कानाला पुढची ओळ आधीच सांगून टाकतं. यमक धातूवर किंवा नामावर आणा. साठ, गाठ, पाठ, काठ, माठ अशी रांग आधी कागदाच्या कडेला लिहा आणि त्यातला जो शब्द गोष्टीत खरोखर बसतो तोच घ्या.

त्याच विषयावर, नमुन्यादाखल (उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम):

*उचल घेतली पन्नास, वहीत लिहिली साठ*
*अंगठा माझा, शाई त्याची, कोण सोडवल गाठ*

दोन्ही ओळी १२ ठोक्यांच्या. आता घरं भरा. बारचे चार मुख्य ठोके १, ५, ९ आणि १३ या घरांवर पडतात. स्नेअर (ड्रमचा कडक आवाज) ५ आणि १३वर. ‘उचल घेतली पन्नास’ १ ते ६, सातवं घर रिकामं, ‘वहीत लिहिली’ ८ ते १२, आणि ‘साठ’ बरोबर १३व्या घरात स्नेअरवर. १४ ते १६ रिकामी, म्हणजे अर्धा सेकंद श्वासाला. दुसऱ्या ओळीत ‘अंगठा माझा, शाई त्याची’ १ ते ८, नववं घर मुद्दाम रिकामं, मग ‘कोण सोडवल’ १० ते १२ आणि ‘गाठ’ १३वर. तिसऱ्या मुख्य ठोक्यावर शांतता पडली की प्रश्नाला वजन येतं. ढोलकीवाला समेआधी हात उचलतो तसं.

चार्टवरचा रॅप हेच करतो: कमी ठोके, मोकळी घरं, ठरलेल्या जागी यमक. हे तंत्र त्यांनी घड्याळासाठी वापरलं म्हणून ते घड्याळाचं होत नाही. सगळेच बार मात्र १२वर ठेवू नका. चौथ्या किंवा आठव्या बारला एकदा १५-१६ पर्यंत जा, कामाची घाई दाखवायची असेल तिथे. एकसुरी संथ व्हर्सलाही झोप येते.

जुनी_तबकडी

आशयाचा रॅप एका बाजूला आणि चार्ट दुसऱ्या बाजूला, ही विभागणी नंतरची आहे. ‘द मेसेज’ हा अमेरिकी रॅप १९८२चा, सात मिनिटांहून मोठा, तरी बिलबोर्ड या मासिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या चार्टवर ४थ्या क्रमांकापर्यंत गेला; सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या हॉट १०० या यादीत ६२पर्यंत. तबकडीवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्यूरियस फाइव्हचं असलं तरी लेखन मुख्यतः ड्यूक बूटीचं, सोबत मेली मेलचं. बाकीची मंडळी नाचाची गाणी सोडून असलं काही करायला राजी नव्हती. शुगर हिल कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ते आग्रहाने करून घेतलं. त्यात ‘व्यवस्था’ नाही; फुटक्या काचा आहेत, उंदीर आणि झुरळं आहेत, जिन्यातली घाण आहे. लॉरिन हिलचं ‘डू वॉप’ तर १९९८मध्ये हॉट १००वर थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं.

मग वाटा फुटल्या कशा? याला ठोस कारणं आहेत.

१९९१ साली बिलबोर्डने दुकानदारांना विचारून यादी करणं सोडलं आणि बारकोडवरची खरी विक्री मोजायला घेतली. काही आठवड्यांत एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर. रॅप किती खपतो हे कंपन्यांना आकड्यात दिसलं आणि जे आधीच खपत होतं त्यावरच त्यांनी पैसा लावला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात रॅपर बिझ मार्कीच्या प्रकरणाचा निकाल लागला: परवानगीशिवाय नमुना (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा) वापरणं म्हणजे चोरी. पब्लिक एनिमीसारखे एका गाण्यात डझनभर तुकडे रचणारे लोक या निकालाने कोंडीत सापडले, कारण प्रत्येक तुकड्याचे पैसे द्यायचे तर गाणंच परवडेना. डी ला सोल या गटाचे सुरुवातीचे अल्बम नमुन्यांच्या हक्कांमुळेच स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. आणि १९९६च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ केंद्रं असावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनल ही कंपनी चाळीसच्या आसपास केंद्रांवरून काही वर्षांत १,२००च्या वर पोचली. गावातला निवेदक गावातल्या पोराची तबकडी लावायचा, तो दरवाजा बंद झाला. मला या सगळ्यात हा कायदा सर्वांत घातक वाटतो. नमुन्यांशिवाय गाणं करता येतं, पण ऐकवायला जागाच नसेल तर काय करणार?

आता मोजणी स्ट्रीमिंगची आहे. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तर एकदा मोजलं जातं, आणि २०२४पासून बारा महिन्यांत १,०००पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. तुमची रचना या तराजूत टाका. ८ बार आवाज म्हणजे २१ सेकंद, १६ बारचा व्हर्स म्हणजे ४३, हुक येतो ६४व्या सेकंदाला. अनोळखी माणूस तोवर थांबत नाही. कोयत्याचा आवाज २ बारवर आणा (५ सेकंद), हुक ४ बारचा करा (११ सेकंद) आणि आधी घ्या. सोळाव्या सेकंदाला व्हर्स सुरू, ३०व्या सेकंदापर्यंत हुक आणि पाच बार कानात. यात तुमचा एकही शब्द पातळ झालेला नाही.

धोका हुकमध्ये आहे. केंड्रिक लमारचं २०१२चं ‘स्विमिंग पूल्स’ दारूच्या व्यसनावर आहे. हुक मुद्दाम पार्टीतल्या आग्रहासारखा बांधलाय आणि पुढे सदसद्विवेकाचा आवाज येऊन तो उलटवतो. गाणं हॉट १००वर १७व्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि क्लबमध्ये लोक त्याच हुकवर प्याले भरत राहिले. हुक एकटा ऐकला तरी अर्थ उलटा होता कामा नये, ही कसोटी लावा. व्हर्स काढून फक्त हुक दोन अनोळखी माणसांना ऐकवा आणि गाणं कशावर आहे ते विचारा.

फडकरी

वरच्या नमुन्यात ‘वहीत लिहिली साठ’ चालतं याचं कारण त्यात माणूस आणि वही आहे. या कामाची भाषाच इतकी बोलकी आहे की ‘शोषण’ शब्दाची गरज पडत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एकट्या बाईला मोजताना ‘अर्धा’ म्हणतात, या एका शब्दावर अख्खा व्हर्स उभा राहतो. मुकादम, उचल, खाडा (गैरहजेरी), मोळी, वाडं (उसाचा हिरवा शेंडा), कोपी (मजुरांची झोपडी) हे शब्द वापरा आणि त्यांचा अर्थ ओळीतच कळू द्या. ‘खाडा’ म्हणताना त्या दिवसाचे पैसे कापलेले दिसले पाहिजेत, नाहीतर शहरातला ऐकणारा सुटून जातो.

तीन व्हर्समध्ये उचल, शिक्षण, आरोग्य, स्थलांतर, कारखाने, सरकार असं सगळं भरू नका. एक माणूस धरा, एक हंगाम धरा. टुपाक या रॅपरचं १९९१चं ‘ब्रेंडा’वरचं गाणं ब्रुकलिनमधल्या बारा वर्षांच्या आईच्या बातमीवरून आलं. त्यात मध्ये कुठे हुकच नाही, एकच लांब कथन आहे. आणि हे आपल्याकडे नवीन थोडंच आहे? अण्णाभाऊ साठेंच्या ‘माझी मैना’ छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणारा, पोटासाठी मुंबईला आलेला माणूस आहे. त्याचा विरह ऐकता ऐकता आपण संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारपाशी पोचतो. राजकारण शेवटी येतं, आणि तोवर ऐकणारा त्या माणसाचा झालेला असतो. मुंबईच्या स्वदेसी या गटाने २०१९मध्ये ‘वारली रिव्हॉल्ट’ केलं तेव्हा आरेच्या जंगलाबद्दल आपणच बोलण्यापेक्षा तिथले प्रकाश भोईर यांचा आवाज गाण्यात घेतला. तुमच्या गाण्यातही शेवटचे ४ बार एखाद्या तोडकरी बाईच्या आवाजात, तिच्या संमतीने आणि मानधन देऊन घेता आले तर बघा. नाव, गाव, कारखाना मात्र गाण्यात नको. तिला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे उभं राहायचं असतं.

जुन्या मुद्रणाच्या तुकड्याबद्दल: हक्क दोन, मुद्रणाचा वेगळा आणि रचनेचा वेगळा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्द आणि चालीचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक भलरी कुणाच्या मालकीची नसते, पण कंपनीने काढलेलं तिचं मुद्रण असतं. अण्णाभाऊंचं निधन १९६९चं, म्हणजे त्यांचे शब्द २०२९ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत, जुनी तबकडी सापडली तरी. सोपा मार्ग म्हणजे पारंपरिक चाल गावातल्या गायिकेकडून नव्याने गाऊन घ्या, तिचं नाव द्या, पैसे द्या, आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या. डॉ. ड्रे या रॅपरने १९९२च्या ‘द क्रॉनिक’ अल्बममध्ये बऱ्याच ठिकाणी तुकडे कापण्याऐवजी वादकांकडून वाजवून घेतले होते, तोच हा रस्ता. मुद्रणाच्या परवानगीचा प्रश्न तिथेच मिटतो.

आठशेआठ

मिक्सबद्दल थोडं, कारण आशयाच्या रॅपचा निम्मा घात तिथे होतो. शब्द ऐकूच आले नाहीत तर वरचं सगळं वाया.

हे गाणं बहुतेक लोक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार. तो स्पीकर साधारण १५०-२०० हर्ट्झच्या खाली काही देत नाही, त्यामुळे ८०८चा (या ड्रम मशीनचा) खोल बास तिथे गायब होतो आणि बीट पोकळ वाटते. बासवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा परिणाम) द्या, म्हणजे वरचे स्वर तयार होऊन तो मोबाइलवरही कळतो. आवाजाला ८०-१०० हर्ट्झला हाय-पास लावा, म्हणजे त्याखालचं सगळं कापलं जाईल. भलरीचा तुकडा आणि तुमचा आवाज दोन्ही मानवी असल्याने २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये भांडतात. व्हर्स चालू असताना तुकड्याचा तेवढा पट्टा २-३ डेसिबलने खाली घ्या, हुकमध्ये परत सोडा.

अख्ख्या व्हर्सवर दुहेरी आवाज (तेच शब्द दुसऱ्यांदा म्हणून केलेलं मुद्रण) चढवू नका. चार्टवरच्या ट्रॅप शैलीच्या रॅपमध्ये ते खपतं, कारण तिथे शब्द थोडे असतात. इथे दोन टेकमधले ट, ठ, ळ किंचित मागेपुढे झाले की शब्द चिखलात जातो. दुसरा टेक फक्त १३व्या घरातल्या यमकाच्या शब्दावर ठेवा.

वेग १४० करून ट्रॅप करायचा मोह होईल. तिथे बार १.७१ सेकंदांचा, १६ बार २७ सेकंदांत संपतात. गोष्ट सांगायला तुम्हाला ९० बरं.

सोळा_बार

व्हर्स पुन्हा लिहायला घेतले. पहिला उचलीवर, दुसरा खाड्यावर, तिसरा अर्ध्या कोयत्यावर. हुक ४ बारचा केला, या दोन ओळी दोनदा:

*फड तुटला, फेड तुटेना*
*हंगाम संपला, हिशोब संपेना*

ढोलकी_९०

हुक झाला. पहिल्या ओळीत ७ ठोके, दुसरीत ९, दोन्हींत भरपूर मोकळी घरं आहेत. ‘तुटेना’तला ‘टे’ आणि ‘संपेना’तला ‘पे’ १३व्या घरात ठेवा, ‘ना’ दीड घर लांबवा.

फडकरी

एक बघा. हुक व्हर्सच्या आधी येणार असेल तर पहिल्या ऐकण्यात ‘फड’ म्हणजे उसाच्या शेताऐवजी तमाशाचा फडही वाटू शकतो. सुरुवातीच्या त्या २ बारमध्ये घुंगरं काढा, तिथे घुंगरं आणखी गोंधळ करतील. नुसता कोयता आणि मोळी पडल्याचा आवाज ठेवा.