जनरल परवाना हाती असताना एक्स्ट्राची परीक्षा द्यावी का?

लघुलहरी (चर्चाप्रस्ताव):
अमेरिकेत हौशी रेडिओचा परवाना नव्याने घेणाऱ्यासाठी आज तीन पायऱ्या आहेत: टेक्निशियन, जनरल आणि ॲमॅच्युअर एक्स्ट्रा. पहिलीवरून दुसरीवर जाण्याबद्दल वाद घालण्यासारखे काही नाही. टेक्निशियनला ३० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजाने बोलण्यासाठी १० मीटर बँडवरचा (बँड म्हणजे तरंगलांबीवरून ओळखला जाणारा वारंवारतांचा पट्टा) २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा मिळतो आणि सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेतील चढउतार, उतरणीला लागले की तोही बराच काळ मुका पडतो. जनरलच्या पुढे मात्र बहुतेकांनी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्स्ट्राला अधिक शक्ती मिळत नाही, कारण बहुतेक बँडांवरची १,५०० वॅटची कमाल मर्यादा दोघांनाही सारखीच आहे. नवा बँडही मिळत नाही, तर ८०, ४०, २० आणि १५ मीटर या चार बँडांचे राखीव तुकडे तेवढे खुले होतात. त्यासाठी ५० प्रश्नांची परीक्षा देऊन ३७ उत्तरे बरोबर आणण्यात जो वेळ जातो, तो अँटेना उंच चढवण्यात घालवला तर अधिक दूरचे संपर्क होतील.

पाइलअप:
हे तुकडे आपण समजता तेवढे किरकोळ नाहीत. २० मीटरवर जनरलला आवाजासाठी १४.२२५ ते १४.३५० मेगाहर्ट्झ, म्हणजे १२५ किलोहर्ट्झ मिळतात. एक्स्ट्राचा पट्टा १४.१५० पासूनच सुरू होत असल्याने त्याला २०० मिळतात. ८० मीटरवर तर ३.८०० ऐवजी ३.६०० पासून बोलता येते, म्हणजे जागा थेट दुप्पट होते. जास्तीत जास्त संपर्क साधण्याच्या स्पर्धेच्या शनिवार-रविवारी जनरलच्या पट्ट्यात मोकळी वारंवारता शोधून पाहावी, म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. शिवाय या चारही बँडांचे तळाचे २५ किलोहर्ट्झ मोर्ससाठी (टिंब-रेषांच्या संकेतांसाठी) एक्स्ट्राकडे राखीव आहेत आणि दुर्मीळ देशांतली केंद्रे बहुधा तिथेच सापडतात. जनरलधारकाने ती नुसती ऐकायची!

लघुलहरी:
मोर्स वापरणाऱ्यांपुरते हे खरे आहे. परंतु २३ फेब्रुवारी २००७ पासून मोर्सची चाचणी कोणत्याच परवान्याला उरलेली नाही, त्यामुळे ज्याला मोर्सचे एक अक्षर येत नाही तोही एक्स्ट्रा होऊन त्या तळाच्या जागेचा हक्कदार ठरतो, ही गंमतच आहे. आवाजाच्या बाबतीत दूरची केंद्रे अनेकदा एका वारंवारतेवर बोलून दुसऱ्या पट्ट्यात ऐकतात आणि हा ऐकण्याचा पट्टा पुष्कळदा जनरलच्या हद्दीत असतो, म्हणजे जनरलधारक तिथून त्यांना हाक देऊ शकतो. एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीची १४.०७४ मेगाहर्ट्झ ही नेहमीची जागा तर जनरलला खुलीच आहे.

तांब्याची तार:
माझा आक्षेप निराळा आहे. प्रश्नपेढी उत्तरांसह जाहीर असल्याने पुष्कळ जण स्मिथ आलेख (अँटेना व तारेचा मेळ काढण्याचा आलेख) एकदाही न वापरता पर्याय पाठ करतात, उत्तीर्ण होतात आणि मग एक्स्ट्राला मिळणारे छोटे कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह) मिरवतात. असा एक्स्ट्रा असण्यापेक्षा जाणता जनरल बरा.

परीक्षक:
पाठांतराची सोय तिन्ही पायऱ्यांवर सारखीच असल्यामुळे तो एक्स्ट्राचा दोष ठरत नाही. दोन मुद्दे मात्र अद्याप कोणी मांडलेले नाहीत. पहिला असा की, या परीक्षा स्वयंसेवक घेतात आणि प्रत्येक सत्राला किमान तीन परीक्षक लागतात. जनरलधारक परीक्षक केवळ टेक्निशियनची परीक्षा घेऊ शकतो. जनरलची परीक्षा घ्यायची तर ॲडव्हान्स्ड (जनरल आणि एक्स्ट्रा यांच्यामधली जुनी श्रेणी) किंवा एक्स्ट्रा लागतो, ॲडव्हान्स्ड परवाने २००० सालापासून नव्याने दिले जात नाहीत, आणि एक्स्ट्राची परीक्षा फक्त एक्स्ट्राच घेतो. म्हणजे सर्वच जण जनरलवर थांबले, तर पुढच्या पिढीला जनरल तरी कोण करणार? दुसरा मुद्दा प्रवासाचा. सेप्ट या युरोपीय दूरसंचार संघटनेच्या करारातील देशांमध्ये अमेरिकन एक्स्ट्राला पूर्ण सवलती मिळतात, तर जनरलला नवशिक्या वर्गाच्या आणि त्याही मोजक्या देशांत. नव्या परवान्यासाठी एफसीसी (परवाने देणारा अमेरिकेचा दळणवळण आयोग) ३५ डॉलर घेते, पण श्रेणीवाढीला ते शुल्क नाही आणि जुने कॉलसाइनही ठेवता येते.

लघुलहरी:
परीक्षकांचा मुद्दा मला मान्य आहे; ज्याला ते काम करायचे आहे त्याने एक्स्ट्रा अवश्य व्हावे. वारंवारतांच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. ज्याच्या अंगणात ८० मीटर बँडच्या अँटेनाची लांब तार मावत नाही, त्याला ३.६०० ते ३.८०० मोकळे होऊन काय मिळणार?

पाइलअप:
त्याला १५ मीटरवर २१.२०० ते २१.२७५ मिळतील, आणि त्या बँडच्या अँटेनाची तार सात मीटरच्या आसपास बसते.