जिजींच्या गोधड्या जपाव्यात की वापराव्यात?

बोरीकाठ (प्रश्न):

माझ्या सासूबाई, ज्यांना सारे गाव जिजी म्हणते, यंदा ८८ वर्षांच्या झाल्या. लग्न होऊन त्या अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी आल्या, तेव्हापासून मोठे खटले सांभाळून त्यांनी लोकांसाठी जेवढे केले, तेवढे आम्हा सुनांच्या हातून होईल असे वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायांची तान्ही मुले त्यांनी आमच्या ओट्यावर सांभाळली. १९७८ नंतर प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले, तेव्हा दिवेलागणीनंतर बायांना पाटीवर स्वतःचे नाव गिरवायला शिकवले. दरवर्षी कपाशीचे काम उरकले, की थेट आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) दुपारच्या वेळी ओसरीवर गोधडी अंथरलेली असे. आखाजीला आलेली लेक गोधडीवाचून परतली, किंवा गावातल्या बाळंतिणीच्या घरी जिजींचे दुपटे पोहोचले नाही, असे क्वचितच झाले असेल.

आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. उरलेल्या गोधड्या लोखंडी पेटीत आहेत. दीर म्हणतात, की त्या आठवण म्हणून जशाच्या तशा ठेवाव्यात. नणंदबाईंच्या मते पांघरायची वस्तू पेटीत कोंडणे जिजींनाच रुचणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तापीतीर:

ताई, गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असतील तर आजच बाहेर काढा, कारण पावसाळ्यात आत ओल कोंडली की सुती कापडाला बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊनही सहसा जात नाहीत. धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळा, आणि गंज लागू नये म्हणून पेटीच्या तळाला व कडांना जाड सुती कापड घाला. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवलेले कापड घडीवरच विरते, म्हणून अधूनमधून घडी मोडून दुसरीकडून घालावी.

धुणे शक्यतो टाळा. धुवावेच लागले, तर आधी ओले पांढरे फडके प्रत्येक तुकड्यावर दाबून रंग सुटतो का ते पाहा. भिजलेली गोधडी फार जड होते आणि दोरीवर टांगली की स्वतःच्याच भाराने तिचे टाके उसवतात, त्यामुळे ती बाजेवर चादर घालून सावलीत आडवी वाळवावी. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात रंग टिकत नाही.

चोपड्याची लेक:

कापडाआधी जिजींजवळ बसा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. माझ्या आजीच्या एका गोधडीला कडेने हिरवे काठ आहेत, मधोमध आजोबांच्या खाकी सदऱ्याचा खिसा गुंडीसकट शिवलेला आहे, आणि धावदोरा चारही कडांनी आत-आत येत त्या खिशापाशी संपतो. एका कोपऱ्यात गुलाबी फुलांचे परकराचे कापड आहे. ते कोणाचे, हे आज आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून एकेक गोधडी जिजींपुढे अंथरा, एकेका तुकड्यावर त्यांचा हात ठेवा आणि हे पातळ कोणी घेतले होते, कोणत्या कार्यात नेसले होते, एवढेच विचारा. ‘तुमचे आयुष्य सांगा’ म्हटले तर त्या संकोचतील. जे सांगतील ते अहिराणीतच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, त्याची प्रमाण मराठी करू नका. नंतर पांढऱ्या सुती फितीवर रंगीत दोऱ्याने नाव आणि साल भरून ती फीत मागच्या बाजूला टाचा. चिठ्ठी ठेवली तर ती हरवतेच.

गिरणापुत्र:

मी नणंदबाईंच्या बाजूचा आहे, मात्र सरसकट नाही. ज्या गोधडीचे आतले थर दिसू लागले आहेत ती जपावी. ज्या धडधाकट आहेत त्या लेकी-नातवंडांना द्याव्यात, कारण आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा अशा गोधडीइतकी ऊब विकतच्या ब्लँकेटला नाही.

मला मात्र पेटीबाहेरच्या कापडाची अधिक काळजी वाटते. गावभर गेलेली दुपटी आज ज्या घरांत असतील, तिथे जाऊन त्यांची छायाचित्रे घ्या आणि त्या बायांकडून जिजींविषयी ऐका. जिजींनी वर्गाची हजेरी कदाचित ठेवलीही नसेल, पण त्यांच्याकडून सही शिकलेल्या बाया अजून गावात असतील, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय या कामाची नोंद पुरी होणार नाही.

बोरीकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विरलेल्या गोधड्या दीरांकडे आणि बाकीच्या लेकींकडे, यावर घरात एकमत झाले आहे. दुपटी शोधण्याचे काम माझ्या मुलीने अंगावर घेतले असून, ध्वनिमुद्रण मी करणार आहे. तापीतीर यांना एक विचारायचे आहे: एका गोधडीला जिजींच्या लग्नातल्या शालूचे जरीकाठ आहेत आणि ते काळे पडले आहेत, तर ते उजळावेत का?

तापीतीर:

नको. लिंबू, राख, भांड्यांची पावडर, यांतले काहीही लावू नका. त्याने जरीचा मुलामा निघतो आणि खालचा धागा तुटतो. घडी घालताना जरीवर मलमलचे कापड ठेवा, म्हणजे ती शेजारच्या कापडावर घासणार नाही.