मदत हवी आहे: बेळगावात भाड्याचं घर, अनगोळ की वडगाव?

जूनपासून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्टची नोकरी आहे. दोन खोल्या-किचन हवं, भाडं दहा हजारांपर्यंत. लीजवर (भाड्याऐवजी एकरकमी मोठी अनामत) नको. वाहन दुचाकीच. टिळकवाडीत पाहिलं, परवडत नाही. शिवाय तिथल्या दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक पडलं की सकाळची शिफ्ट हुकलीच म्हणायची. अनगोळात घरं आहेत, पण नळाला पाणी किती दिवसांनी, हे विचारलं की मालकांचं एकच उत्तर: "बोअर आहे की!" वडगावात स्वस्त मिळतंय, पण येळ्ळूर रोडकडे पावसाळ्यात बळ्ळारी नाला शेतं भरून टाकतो. मुलगा सहावीत, मराठी माध्यमच. कन्नड सक्तीचं आहे हे ठाऊक आहे, शिकवणी लावू.

राहणाऱ्यांनीच सांगावं: अनगोळच्या कुठल्या गल्ल्यांत चोवीस तास पाणी येतं, आणि वडगावात नाल्याचं पाणी नेमकं कुठवर चढतं?