मदत हवी आहे: एकिनेशियाची नारिंगी रोपं हिवाळ्यात का जातात? (न्यू जर्सी, चिकण माती)

हिरवाचाफा
एडिसनजवळ, झोन ७ए (हिवाळ्यातल्या थंडीनुसार ठरवलेला अमेरिकी पट्टा). वाफा दक्षिणेकडे, ऊन सात-आठ तास, माती चिकण. नर्सरीतून ऑगस्टमध्ये आणलेली एकिनेशियाची (कोनफ्लॉवर) नारिंगी, डबल फुलांची रोपं मे आला तरी फुटलेली नाहीत. बुंधा दाबला तर मऊ, काळा. शेजारचं जांभळं 'मॅग्नस' मात्र जोमात आहे. दोन्ही इथलीच देशी झाडं ना, मग फरक का? शिवाय मोनार्डावर (बी बाम हे फुलझाड) दर जुलैत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, येते. फवारणी न करता टिकतील असे वाण सुचवा.

पावशेर
थंडीने नाही, ओलाव्याने गेलीत. 'मॅग्नस' ही एकिनेशिया परप्युरियाची निवड. जांभळी मूळ जात भारी माती बऱ्यापैकी सोसते. पिवळा-नारिंगी रंग मात्र संकरातून आला, आणि त्यातला पिवळा एकिनेशिया पॅराडॉक्साचा. ती अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरातल्या खडकाळ, कोरड्या माळांवरची. तिला सोटमूळ असतं. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ वितळून पाणी बुंध्याशी साचलं की कूज ठरलेली.

आधी निचरा तपासा. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर तरी उतरायला हवं. त्याहून कमी उतरलं तर नारिंगीचा नाद सोडा, नाहीतर सहा-आठ इंच उंच गादीवाफा करा. फक्त खड्ड्यापुरतं कंपोस्ट भरू नका. चिकण मातीतला तो मऊ खड्डा माठासारखं पाणी धरून ठेवतो. थोडी वाळू मिसळायचा सल्लाही सर्रास मिळतो, त्याने माती विटेसारखी होते. अख्ख्या वाफ्यात पाइनच्या सालीचा बारीक चुरा दोन-तीन इंच पसरून वरच्या सहा इंचांत मिसळा.

रानजाई
ऑगस्टची खरेदी हाही मुद्दा आहे. फुलांनी लगडलेलं रोप दिसायला छान, पण सगळी ताकद फुलांत जाते आणि पुढच्या वर्षीचे डोळे बुंध्यावर तयारच होत नाहीत. लावताना सगळे फुलदांडे कापायचे. जीव कासावीस होतो, पण कापायचेच. शक्यतो एप्रिल-मेमध्ये लावा. शरदात लावायचं तर जमीन गोठायच्या किमान सहा आठवडे आधी.

लावताना मुळांचा गोळा उघडून बघा. टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांच्या मध्यभागी कधीकधी कागदाची किंवा जाळीची पुंगळी राहिलेली असते. ती कापून काढा आणि वरवरचं पीट (कुंडीतलं मातीऐवजी वापरलेलं हलकं माध्यम) झटका. बुंधा जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवा. आच्छादन दोन इंच पुरे, तेही बुंध्यापासून तीन इंच लांब. खत नको, नत्र जास्त झालं की दांडे लुळे पडतात.

हिरवाचाफा
मॅग्नसच्या काही फुलांत मधल्या बोंडावर हिरवट गुच्छ दिसतायत. रोग आहे का?

पावशेर
नीट बघा, दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा. गुच्छ फक्त बोंडावर आणि बाकी झाड ठणठणीत असेल तर सूक्ष्म कोळी. ती फुलं कापून कचऱ्यात टाका. शरदात सगळे दांडे जमिनीलगत कापून बागेबाहेर टाका. पाकळ्याच हिरव्या, बोंडातून पानं फुटलेली, झाड पिवळट आणि खुजं असेल तर अ‍ॅस्टर यलोज हा रोग. त्याचा फायटोप्लाझ्मा (जिवाणूसारखा सूक्ष्मजीव) तुडतुडे पसरवतात, औषध नाही. मुळासकट उपटा, फुलं कापत बसू नका.

तांबडीमाती
वाणांबद्दल: डेलावेअरच्या माउंट क्यूबा सेंटरच्या चाचण्यांचे अहवाल वाचा, हवामान तुमच्यासारखंच. एकिनेशियात 'पिका बेला' वरच्या क्रमांकात आहे. मोनार्डात 'जेकब क्लाईन': भुरी कमी, हमिंगबर्ड भरपूर, पण उंची चार फुटांच्या वर, म्हणून मागच्या रांगेत. फ्लॉक्स या फुलझाडात 'जीना', बारीक फुलं, फुलपाखरांची गर्दी. रुडबेकियात (ब्लॅक-आयड सुझन) 'गोल्डस्टर्म'च्या पानांवर सेप्टोरिया बुरशीचे काळे ठिपके पडतात. त्याऐवजी 'अमेरिकन गोल्ड रश' घ्या.

भुरीसाठी वाणाइतकीच हवा खेळती हवी. दोन रोपांत दोन फूट ठेवा, दर दोन-तीन वर्षांनी वसंतात मोनार्डाचा झुपका फोडून मधला मेलेला भाग टाका आणि कडेचे फुटवे लावा. जुलैत माती कोरडी पडली तर रोप ताणाखाली येतं आणि भुरी आणखी वाढते. पाणी बुंध्याशी द्या.

डबल फुलं मला तरी पटत नाहीत. बोंडाच्या जागी पाकळ्यांचा पुंजका, त्यामुळे मधमाश्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. नारिंगीच हवं तर 'शायेन स्पिरिट', एकेरी फुलांचं आणि बियांपासून येणारं. २०१३चं एएएस (ऑल-अमेरिका सिलेक्शन्स, नव्या वाणांची चाचणी) विजेतं. रंग मिश्र निघतात, हव्या त्या रंगाची रोपं निवडून ठेवायची. पण निचऱ्याची अट त्यालाही लागू.

रानजाई
'शायेन स्पिरिट'चं बी जानेवारीत दुधाच्या अर्धपारदर्शक कॅनमध्ये पेरा. तळाला भोकं, चार इंच माती, बी पाव इंच खोल, झाकण काढून कॅन बाहेर ठेवा. एप्रिलमध्ये उगवतं. बाकी नावाच्या वाणांचं बी धरू नका, आईसारखं निघेलच असं नाही. आणि लेबलवर पेटंट असेल तर रोप फोडून वाटणंही कायद्यात बसत नाही.

हिरवाचाफा
ससे?

तांबडीमाती
मोनार्डाला सहसा तोंड लावत नाहीत. एकिनेशियाचे कोवळे कोंब आणि फ्लॉक्स मात्र आवडीचे. दोन फूट उंच, इंचभर भोकांची तारेची जाळी, खाली तीन-चार इंच पुरलेली. दांडे फूटभर वाढले की काढली तरी चालते. हरणं येत असतील तर फ्लॉक्स घराला लागून लावा.