मदत हवी आहे : सासवडजवळच्या मुरमाड अंगणात इथलीच झाडं लावायची आहेत

नमस्कार मंडळी,

सासवडजवळ आमचं घर बांधून झालं. भोवतीची साधारण दीड गुंठा जागा मोकळी आहे. बांधकामवाल्यांनी लॉन, चार रॉयल पाम आणि कुंपणाला बोगनवेल असा आराखडा दिलाय. या भागात मार्चनंतर टँकरची वाट बघणारी घरं आहेत. तिथे गवताला रोज पाणी पाजणं मला पटत नाही. मला इथल्या माळावर आणि ओढ्याकाठी आपसूक वाढणारी झाडंझुडपं हवी आहेत. पहिली दोन वर्षं जपावं लागेल हे मान्य, पण पुढे ती पावसावर आणि अगदी थोड्या पाण्यावर जगली पाहिजेत.

जागेची माहिती देते, म्हणजे सल्ला नेमका देता येईल. जमीन दक्षिणेकडे उतरती आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम आणि दीड-दोन फुटांवर टिकाव नुसता वाजतो. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. दुपारी वारा फार असतो. निम्म्या जागेत घाणेरी आणि गाजरगवत माजलंय. कोपऱ्यात एक जुनी बोर आणि दोन तरवड आहेत, ते मी बांधकामाच्या वेळी हट्टाने राखले. सिमेंटची धूळ बसली, पाणी कुणी घातलं नाही, तरी तरवड भर उन्हाळ्यात पिवळाधमक फुलला आणि त्याच्यावर मधमाश्यांची रीघ होती. तेव्हाच ठरवलं की या जागेला काय चालतं ते या जागेलाच विचारायचं.

मनात असलेली झाडं अशी. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा म्हणून आपटा आणि बहावा. जागा बघता मोठी झाडं दोनच. कुंपणाला करवंद, मधेमधे काटेकोरांटी. जाळीवर वाघाटी, कारण आषाढी एकादशीनंतरच्या द्वादशीला सासूबाईंना वाघाट्याची भाजी लागतेच आणि दरवर्षी ती बाजारात शोधावी लागते. शिवाय अडुळसा, निर्गुडी, शतावरी. मेडशिंगी फार आवडते, पण ती कुठे बसवावी कळत नाही. फुलपाखरांसाठी रुई ठेवायची इच्छा आहे, कारण तिच्या पानांवर प्लेन टायगरच्या अळ्या वाढतात.

आता अडचणी. पहिली म्हणजे रोपं मिळत नाहीत. आसपासच्या रोपवाटिकांत सगळीकडे फायकस, पाम, ड्रॅसिना. तरवड मागितला तर लोक चमकून बघतात. एका ठिकाणी आपटा म्हणून मोठ्या पानाचं कांचनाचं रोप पुढे केलं. मग बियांपासूनच करावं का? तरवडाच्या शेंगा हाताशी आहेत, आपट्याच्या गोळा करता येतील. डोंगरावरून रोपं उपटून आणायची नाहीत हे पक्कं आहे.

दुसरी अडचण पाण्याची. छत सुमारे एक हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, या हिशेबाने ४०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ३७ हजार लिटर होतात. थोडं वाया गेलं तरी ३० हजारांच्या आसपास हाती राहील. एवढी मोठी टाकी परवडणार नाही. मग छोटी टाकी भरून बाकीचं पाणी अंगणातच जिरवावं का, आणि उतारावर ते कसं अडवावं?

तिसरी अडचण माणसांची. शेजारी म्हणतात, हे रान आहे, यात साप येतील. घरात चार वर्षांची नात आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही.

आणि घाणेरी-गाजरगवताचं काय करू? तणनाशक मारणार नाही.

—

प्रतिसाद

ताई, माझी जागा बारामतीच्या बाजूला आहे आणि जमीन अशीच. तरवड, आपटा, बहावा यांची रोपं पिशवीत वाढवण्यापेक्षा बी जागेवर टोकलेलं जास्त चांगलं. ही झाडं आधी सोटमूळ खोल सोडतात आणि मग वर वाढतात. पिशवीत ते मूळ तळाला गुंडाळतं आणि पुढे उन्हाळ्यात झाड मार खातं. तिन्हींची बी टणक कवचाची असते. उकळून खाली उतरवलेलं पाणी ओता, तसंच रात्रभर गार होऊ द्या. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं सँडपेपरवर थोडं घासून परत भिजवायचं. पहिला दमदार पाऊस झाल्यावर प्रत्येक जागी तीन बिया टोका आणि पुढे त्यातलं जोमदार रोप ठेवा.

करवंदाचं मात्र उलटं आहे. त्याचं बी साठवून टिकत नाही. मे महिन्यात पिकलेली फळं आणा, गर धुऊन लगेच पेरा. वाघाटीचंही ताज्या फळातलं बीच घ्या. वाघाटीला आकड्यासारखे काटे असतात, वाटेवर लावू नका.

खड्डे मे महिन्यातच काढून तापू द्या. भरताना निघालेलाच मुरूम आणि पावभाग कुजलेलं शेणखत, बस. बाहेरून काळी माती आणून खड्डा भरला तर मुळं त्या मऊ खड्ड्यातच फिरत राहतात, मुरमात शिरत नाहीत.

—

प्रतिसाद

पाण्याबद्दल. उतारावर प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला, वीतभर उंचीचा पुरे. छताचं जादा पाणी पन्हाळीतून चरात सोडा. चर उताराला आडवा हवा आणि घराच्या पायापासून लांब. छोटी टाकी ठेवाच, कारण ते पाणी गोडं असतं. कोवळ्या रोपांना जड बोअरच्या पाण्यापेक्षा ते मानवतं.

पहिल्या दोन उन्हाळ्यांसाठी माठ पुरा. बिनभाजलेला नव्हे, साधा भाजलेला सच्छिद्र माठ, रोपापासून हातभर अंतरावर, तोंडापर्यंत जमिनीत. वर झाकण, नाहीतर डास होतात. वरून रोज शिंपडलेलं पाणी मुळांना वरच ठेवतं. माठ किंवा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी त्यांना खाली नेतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाण्यातलं अंतर वाढवत न्या.

आच्छादनाला वाळका पाला चार बोटं जाड घाला. खोडाला मात्र टेकू देऊ नका, नाहीतर वाळवी आणि कूज. कपडे धुतलेलं पाणी झाडांना नको, त्यातल्या क्षारांनी मुरूमही कालांतराने बिघडतो.

—

प्रतिसाद

सापांविषयी स्पष्ट लिहिते, कारण माझ्या घरीही लहान मुलं आहेत. साप उंदरांमागे आणि आडोशाला येतात. भिंतीला लागून विटा, लाकडं, पाल्याचा ढीग काहीही ठेवू नका. दारापासून आणि घराच्या भिंतींपासून चार-पाच फूट मोकळी, झाडलेली जागा राखा. दाट झुडपं कुंपणाकडे. करवंदाचा खालचा फुटभर भाग छाटून ठेवला की बुंध्यापर्यंत नजर पोचते. रात्री अंगणात टॉर्चशिवाय जायचं नाही. कंपोस्टमध्ये शिजवलेलं अन्न टाकू नका, उंदीर तिथेच येतात.

माझी खरी काळजी रुईची. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. नात मोठी होईपर्यंत रुई कुंपणाबाहेरच असू द्या, फुलपाखरं तिथेही अंडी घालतील. गुंज आणि कळलावीही विषारी आहेत, कुणी हौसेने दिल्या तर आत्ता घेऊ नका. फुलपाखरांसाठी कढीपत्ता आणि लिंबू लावा, मॉर्मनच्या अळ्या त्यावर होतात. पानं खाल्लेली दिसली की फवारणीला धावू नका, एवढंच पाळा.

गाजरगवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि नाकाला रुमाल हवाच, कित्येकांना त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. गाजरगवत खाण्यासाठी १९८४ पासून आपल्याकडे सोडलेले मेक्सिकन भुंगेरे ते. घाणेरी नुसती छाटली की दुप्पट फुटते. खोड जिथे जमिनीत शिरतं त्याच्या खाली मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून वाळू द्या. रिकामी झालेली जागा तशीच सोडली तर दोन्ही तणं परत येतात. तिथे लगेच तरवडाचं बी टाका.

—

मूळ लेखिकेकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. रुईचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, ती आता कुंपणाबाहेर, ओढ्याच्या बाजूला. भिंतीलगतची मोकळी जागा पाच फूट ठेवते. तिथे फरशी न घालता मुरूमच दाबून घेईन, म्हणजे पाणी जिरेल आणि झाडायलाही सोपं. सासूबाईंना वाघाटीची जागा दाखवली, त्यांनी ती मागच्या जाळीवर, वाटेपासून दूर नक्की केली.

खड्डे पुढच्या आठवड्यात सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्यात. जुन्या बोरीची दरवर्षी उन्हाळ्यात जोरदार छाटणी करतात तशी मी करू का, की पाखरांसाठी ती जशी आहे तशीच राहू द्यावी? बुलबुल आणि साळुंक्या तिच्यावर रोज असतात, त्यामुळे कुऱ्हाड लावायला जीव होत नाही. आणि मेडशिंगीच्या वाळलेल्या शेंगा कुणाकडे असतील तर कृपया इथेच सांगा, पोस्टाचा खर्च मी देईन. बदल्यात तरवडाचं बी हवं तेवढं पाठवते, यंदा दोन्ही झाडं शेंगांनी लगडली आहेत.