स्नेहमेळावे पुरेत, आता चाळीची मजलानिहाय नोंद करा

(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नोंदवही (धागाकर्ता)

मुंबईतल्या बऱ्याच बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. वरळीच्या 121, नायगावच्या 42, ना. म. जोशी मार्गावरच्या 32 आणि शिवडीच्या 12, अशा एकूण 207 इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्याही. डोंबिवली, बदलापूर, विरारला गेलेले जुने रहिवासी मेळावे भरवतात, ग्रुपवर रोज जुने फोटो फिरतात. पण ‘तिसऱ्या मजल्यावर कोण राहायचं, कुठल्या गिरणीत कामाला होतं, गाव कोणतं’ हे पुढच्या पिढीला सांगता येईल असं त्यातून काय शिल्लक राहतं? काहीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हॉलचं भाडं, जेवण, शाल-श्रीफळ यांचा एका वर्षाचा खर्च बाजूला काढा आणि त्यात एका इमारतीची नोंद पूर्ण करा. फोटो ग्रुपवर ‘फोटो’ म्हणून टाकला की तो दाबला जातो (दर्जा घटतो) आणि कॅमेऱ्याने त्यात भरलेली तारीख पुसली जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. कागदी फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, मूळ प्रत टिफ (दर्जा न घटवणाऱ्या) फाइलमध्ये ठेवा, वाटायला जेपेग. फाइलला ‘आठवणी 1, आठवणी 2’ अशी नावं देऊ नका. वर्ष, इमारत, मजला, अनुक्रमांक या क्रमाने द्या. वर्ष नक्की नसेल तर ‘1970 चं दशक, अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. चुकीचं वर्ष एकदा चिकटलं की ते पुढे सगळीकडे तसंच उतरवलं जातं.

पहिली पाळी

ठाम असहमत. मेळावा बंद करून नोंदी करणं म्हणजे झाडाचं मूळ तोडून पानं वहीत जपणं. सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं एकट्याने विचारलं तर ‘काय सांगू, बरे दिवस होते’ एवढंच म्हणतात. शेजारचा शेजारी समोर बसला की एकाचं अर्धं वाक्य दुसरा पुरं करतो. पाण्याच्या रांगेतली भांडणं, दहीहंडीच्या थरात खाली कोण उभं राहायचं, भजनी मंडळात पखवाज कोणाकडे असायचा, हे अशाच बैठकीत बाहेर येतं. मेळावा थांबला की हे बोलणंच थांबेल. मग तुमच्या तक्त्यात भरायचं काय?

आणि शाल-श्रीफळाला कमी लेखू नका. गिरणी संपानंतर ज्यांना कोणी विचारलं नाही, त्यांना त्यांच्याच वस्तीने दिलेला तो मान आहे.

जमाखर्च

धागाकर्त्याशी सहमत, पण सुरुवात फोटोंपासून करू नका, छापील कागदापासून करा. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे गणेशोत्सव मंडळाचा वार्षिक अहवाल. त्यात जमाखर्च असतो, कार्यकारिणीची नावं असतात, बऱ्याच मंडळांत वर्गणीदारांची यादीही असते. मागच्या पानांवर खानावळ, सलून, शिंपी, रेशन दुकान यांच्या पत्त्यासकट जाहिराती असतात. माणसाच्या आठवणीत वर्षं सरकतात, अहवालावर वर्ष छापलेलं असतं. त्यानंतर वर्गणीची पावती पुस्तकं, व्यायामशाळेची हजेरी, ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्तं.

फोटोचं वर्ष काढायलाही गणपतीच उपयोगी पडतो. मागच्या फलकावर ‘वर्ष 40 वे’ लिहिलं असेल तर स्थापना वर्षात 40 मिळवून 1 वजा करा. लालबागच्या राजाचं पहिलं वर्ष 1934, म्हणजे 40 वं वर्ष 1973. इथे हमखास एका वर्षाची चूक होते, कारण लोक 1 वजा करायला विसरतात. मध्ये एखाद्या वर्षी उत्सव झाला नसेल तर मंडळाने तो मोजणीत धरला का, हेही विचारा. मुंबईतली ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, तेव्हा धावती ट्राम दिसली तर फोटो त्याआधीचा. पत्त्यात ‘मुंबई 13’ असा जुना टपाल विभाग दिसला म्हणून मात्र तो पिनकोडच्या आधीचा असा निष्कर्ष काढू नका. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला, तरी लोक पुढे कितीतरी वर्षं जुन्याच पद्धतीने पत्ता लिहीत राहिले.

मधला पॅसेज

नोंद कशी करायची यावर छान चाललंय, पण नोंद कशाची होतेय? ग्रुपवर फिरणारं ‘चाळीतलं जीवन’ बघा. लाकडी कठड्याची गॅलरी, मध्ये चौक, गॅलरीत उभं राहून गप्पा. ही गिरगावातल्या चाळीची आखणी आहे. बीडीडीत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर 10-10 खोल्या. बोळात दिवसाही दिवा लागायचा. आपलं घर सोडून दुसऱ्याच घरासाठी गळा काढणं चालू आहे.

‘दारं कधी बंद नसायची’ हे वाक्य तर प्रत्येक मेळाव्यात येतं. समोरासमोर दारं, वारा यायला दुसरी वाट नाही, खोलीत सात-आठ माणसं. दार उघडं ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मजल्याच्या सामायिक संडासासमोर सकाळी रांग, आणि बायका पहाटे चारला उठायच्या त्या याच रांगेसाठी.

कोणत्या इमारतीत कोणत्या समाजाची वस्ती, हेही सगळ्यांना माहीत आहे. 5 जानेवारी 1974 ला वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर याच चाळींमध्ये दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चावर परळमध्ये वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव मारले गेले. स्मरणिकेत ‘सर्व जातीधर्माचे लोक गुण्यागोविंदाने नांदत’ असं छापून मोकळं होता येणार नाही.

पहिली पाळी

1974 घडलं, नाकारत नाही. पण त्या वेळची दोन्हीकडची माणसं आज एकाच लिफ्टने वर जाणार आहेत. जे पन्नास वर्षं शेजारधर्माने वागून मागे टाकलं, ते मेळाव्याच्या व्यासपीठावर उकरून काढायचं?

मधला पॅसेज

व्यासपीठावर नको, नोंदीत हवं. ज्यांच्या खोल्यांवर दगड पडले त्यांनी ते मागे टाकलं की नाही, हे दुसऱ्यांनी परस्पर ठरवू नये. विचारा, आणि सांगतील ते त्यांच्या शब्दांत घ्या.

मुलाखत टिपण

बैठक की एकट्याची मुलाखत, या वादात दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. बैठकीचं ध्वनिमुद्रण नंतर ऐकलं तर चौघे एकदम बोलतात, कोण काय म्हणालं कळत नाही, आणि मोठ्या आवाजाचे दोघे-तिघे पुरुषच ऐकू येतात. म्हणून बैठकीत फक्त विषय टिपून घ्यावेत आणि पुढच्या आठवड्यात घरी जाऊन एकेकाला तेवढंच विचारावं. बायकांची मुलाखत दुपारी, घरातले पुरुष नसताना. नवरा शेजारी बसला की उत्तर तोच देतो.

मोबाइल चालतो, पण विमान मोडवर टाका आणि रेकॉर्डिंग वेव्ह (आवाज न दाबणाऱ्या) फाइलमध्ये घ्या. कॉलरला लावायचा साधा माइक हनुवटीपासून वीतभर खाली. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, कुकरच्या वेळा टाळून. सुरुवातीलाच तारीख, नाव आणि ‘हे साठवायला, ऐकवायला परवानगी आहे’ हे त्यांच्याच आवाजात घ्या. पाऊण तासापुढे ताणू नका, परत जा. ‘तेव्हा कसं होतं?’ विचाराल तर ठरलेलं भाषण मिळेल. ‘रात्रपाळी सुटली की गेटपासून खोलीपर्यंत कुठून यायचात, वाटेत काय उघडं असायचं?’ असं विचारा. ‘खोलीत किती ट्रंका होत्या, कोण कुठल्या पाळीला झोपायचं?’ या एका प्रश्नातून गावकीच्या (एकाच गावच्या माणसांच्या सामायिक) खोलीचा सगळा कारभार कळतो: कोण भाडं भरायचं, खानावळीचा डबा कोणाकडून यायचा, गावाहून नवा पोरगा आला की कोणाच्या वळकटीशेजारी त्याला जागा मिळायची.

हक्काचे कागद

सगळे उत्साहात आहात, म्हणून एक धोका सांगणं भाग आहे. मजलानिहाय यादी उघड्यावर टाकू नका. खोली कोणाच्या नावावर, राहत कोण होतं, पोटभाडेकरू कोण, भावाभावांत कोणाचं नाव लागलं, यावर वाद चालू आहेत. ‘1985 ला आमचे काका तिथे राहत’ असं स्मरणिकेत आलेलं वाक्य उद्या समोरचा वकील पुरावा म्हणून दाखवेल. गिरणी कामगारांच्या घरांसाठी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असल्याचा पुरावा लागतो. त्यामुळे गिरणीच्या तिकीट नंबरचं कार्ड, फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असे मूळ कागद कोणीही ‘प्रदर्शनासाठी’ मागितले तरी देऊ नका. घरातच, मालकासमोर फोटो काढावा आणि कागद तिथेच परत ठेवावा. आधार किंवा खात्याचा क्रमांक झाकूनच.

या एका कारणासाठी माझा मूळ प्रस्तावालाच विरोध आहे. सगळ्यांना घरं मिळेपर्यंत थांबा.

नोंदवही

थांबणं परवडणारं नाही. पात्रतेचे वाद मिटायला दहा वर्षं लागतील, संप पाहिलेली माणसं तोवर थांबणार नाहीत. पण तुमचा मुद्दा मान्य करून बदल सुचवतो. नोंद आत्ता घ्यायची, उघड करायची नाही. नाव आणि खोली जोडणारा तक्ता वेगळा, कुलूपबंद. लोकांना दाखवायच्या प्रतीत फक्त मजला आणि दशक.

जमाखर्च

कुलूपबंद म्हणजे कोणाच्या कपाटात? मंडळाकडे ठेवाल तर कार्यकारिणी बदलली की चावी एकाकडे आणि पासवर्ड दुसऱ्याकडे राहतो. पेनड्राइव्हवर तर ठेवूच नका, न वापरता पडून राहिला की कधी उघडणार नाही ते कळत नाही. तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, तिसरी शहराबाहेर राहणाऱ्या कोणाकडे. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघायच्या, ही जबाबदारी नावानिशी दोघांवर टाकायची.

पहिली पाळी

ते दोघं कोण, हे ठरवायलाही सगळ्यांना एकत्र बोलवावं लागेल. हॉल बुक करा.