मदत हवी आहे: पाण्याच्या दाबाने भेग पुढे सरकण्याऐवजी बोअरभोवती डाग पसरतो

मृण्मयी_वडोदरा:
नमस्कार. सच्छिद्र खडकात पाण्याच्या दाबाने भेग कशी वाढते, याचे सिम्युलेशन मी फेज-फील्ड पद्धतीने करत आहे; तीत भेग धारदार रेषेऐवजी 0 (अखंड) ते 1 (पूर्ण मोडलेला) अशा हानीच्या पट्ट्याने दाखवतात. बोअरमध्ये पाणी सोडल्यावर किमान ताणाच्या दिशेला काटकोनात एक बारीक भेग सरकायला हवी. प्रत्यक्षात बोअरभोवती गोल डाग पसरत जातो आणि दाबाच्या आलेखात शिखर येतच नाही. मेश (खडकाची लहान घटकांत केलेली जाळी) बारीक केली तरी फरक पडला नाही. पुढच्या आठवड्यात विभागात सादरीकरण आहे, तेव्हा नेमके काय बदलायचे ते कृपया लवकर सांगावे.

सयाजीगंजकर:
मृण्मयीताई, एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. खडकाचा यंग मापांक (कडकपणा), विदारण-ऊर्जा (भेगेचे एकक क्षेत्रफळ उघडायला लागणारी ऊर्जा), लांबीचे परिमाण (हानीच्या पट्ट्याची रुंदी ठरवणारे) आणि घटकाचा आकार लिहा. कडांवर भूगर्भीय ताण लावला आहे का, हेही सांगा.

तेलविहीर_निवृत्त:
मी खंभात खोऱ्यातील विहिरींवर अनेक वर्षे काम केले आहे. माझा आग्रह असा की फेज-फील्ड सोडून कोहेझिव्ह घटक (जोडणी हळूहळू सुटून उघडणारे घटक) वापरावेत. भेग किमान ताणाला काटकोनात जाणार हे आधीच ठाऊक असेल, तर त्या रेषेवर घटकांची ओळ मांडली की काम झाले, आणि भेगेची रुंदीही थेट हाती येते.

इंदूरचा_अभियंता:
सर, मार्ग ठाऊक असेल तिथे आपले म्हणणे योग्य आहे. पण खडकात नैसर्गिक सांधे (आधीपासूनच्या फटी) असले, तर भेग त्यांना ओलांडेल की त्यांच्यात वळेल, हाच तर खरा प्रश्न असतो. मार्ग आधीच आखून दिला, तर त्या प्रश्नाचे उत्तर आपणच लिहून ठेवल्यासारखे होते.

तेलविहीर_निवृत्त:
मान्य, परंतु प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदीत 10 टक्के चूक झाली की प्रवाहात 33 टक्के होते, आणि फेज-फील्डमध्ये रुंदी अंदाजानेच काढावी लागते. ही उणीव लहान नाही.

मृण्मयी_वडोदरा:
सांधे नंतर घालायचेच आहेत, म्हणून पद्धत बदलता येणार नाही. यंग मापांक 20 गिगापास्कल, पॉइसन गुणोत्तर 0.25, विदारण-ऊर्जा 50 ज्यूल प्रति चौरस मीटर, लांबीचे परिमाण 0.02 मीटर, घटक 0.01 मीटर. भूगर्भीय ताण अर्थातच लावला आहे: छिद्रदाब (खडकाच्या छिद्रांतील पाण्याचा दाब) वजा करून 8 आणि 6 मेगापास्कल, दोन्ही दाबाचेच. चित्रात 0.9 पेक्षा जास्त हानीच रंगवते.

सयाजीगंजकर:
ऊर्जेचे ताण (ओढून भेग उघडणारा भाग) आणि दाब (आवळणारा भाग) असे विभाजन केले आहे का?

मृण्मयी_वडोदरा:
नाही. साध्या उदाहरणात त्याविनाही भेग व्यवस्थित वाढली होती.

सयाजीगंजकर:
मग कारण तिथेच आहे. प्रतल-विकृती (खडक एका प्रतलातच विकृत होतो हे गृहीतक) धरली, तर आपल्या आकड्यांनुसार पाणी सोडण्यापूर्वीच खडकात सुमारे 1,600 ज्यूल प्रति घनमीटर इतकी ऊर्जा साठलेली असते, आणि विभाजन नसल्यामुळे ही सगळी दाबाची ऊर्जा भेग उघडणारी म्हणून मोजली जाते. विदारण-ऊर्जेला लांबीच्या परिमाणाने भागले की 2,500 येतात. नेहमीच्या वर्गात्मक सूत्रात हे घातले, तर संपूर्ण क्षेत्रात हानी 0.56 च्या आसपास निघते. म्हणजे आपला खडक आरंभापासूनच अर्धा मोडलेला आहे. बोअरभोवती ताण एकवटतो, म्हणून फक्त तिथे ती 0.9 ओलांडते आणि डाग म्हणून दिसते. घटक परिमाणाच्या निम्मा असल्यामुळे मेशचा दोष नव्हताच. मीहे आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेले वर्णक्रमीय विभाजन (मुख्य दिशांतील ओढ आणि दाब वेगळे करणारे) सांगाड्याच्या, म्हणजे खडकाच्या घन भागाच्या, विकृतीवर लावा. छिद्रदाबासह एकूण ताणावर मात्र ते लावू नका. चित्रातील रंगपट्टी 0 ते 1 ठेवा.

कोयनाकाठ:
अशा भेगांमुळे भूकंप होतात का? 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण आमच्या घरी अजूनही निघते.

इंदूरचा_अभियंता:
कोयनेत जलाशयाचा भार आणि वाढलेला छिद्रदाब यांमुळे आधीपासून असलेला प्रस्तरभंग घसरला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इथे नवी भेग उघडण्याचा प्रश्न आहे. छिद्रदाब वाढला की प्रभावी ताण (घन खडकाने पेललेला ताण) घटतो, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच असल्यामुळे आपली शंका अगदीच विषयाबाहेरची नाही.

मृण्मयी_वडोदरा:
विभाजन लावल्यावर पाणी सोडण्यापूर्वीची हानी शून्य झाली आणि भेग अपेक्षित दिशेने निघाली. दाबाचे शिखरही आले. पण त्यानंतर दाब फार सावकाश उतरतो.

सयाजीगंजकर:
भेगेत वाढवलेली पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) सर्व दिशांना सारखी दिली असेल, तर पाणी भेगेच्या दोन्ही बाजूंच्या हानीच्या पट्ट्यात मुरते. रुंदीच्या वर्गाला 12 ने भागून येणारी पारगम्यता फक्त भेगेच्या दिशेने द्या. त्यानंतर खडकाची गळती शून्य धरून केजीडी या भेगवाढीच्या प्रमाणभूत द्विमितीय प्रतिमानाच्या विश्लेषणात्मक उत्तराशी लांबी आणि दाब पडताळा, आणि दोन्ही आलेख इथे टाका.

तेलविहीर_निवृत्त:
त्या पडताळणीत रुंदीचाही आलेख जोडावा. माझा आक्षेप तिथेच तपासला जाईल.